सासूबाईंच्या रोझरीला बसू की नको?

प्रश्न : मी प्रॉटेस्टंट घरात वाढले आणि लग्न होऊन कॅथलिक घरात आले. सासूबाई रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे येशूची आई मरिया हिची माळेवरची प्रार्थना, म्हणतात, मलाही बोलावतात. माझे वडील म्हणतात, मरियेची प्रार्थना करणं म्हणजे सरळसरळ मूर्तिपूजा. सासूबाई म्हणतात, ‘तुम्ही लोक प्रभूच्या आईला मानतच नाही.’ यात खरं कोणाचं? मी बसू की नको?

उत्तर : मी कॅथलिक आहे, हे आधीच सांगते, म्हणजे माझं बोलणं तुम्हाला पारखून घेता येईल.

सासूबाईंचा समज आधी दूर करू या. येशू कुमारी मरियेपासून जन्मला, हे प्रेषितांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जुन्या कबुलीत, दोन्ही मंडळ्या म्हणतात. इफिसच्या धर्मसभेनं 431 मध्ये तिला ‘देवमाता’ म्हटलं, ते प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरनंही मान्य केलं. 1521 मध्ये त्यानं मरियेच्या स्तोत्रावर मोठ्या प्रेमानं विवेचन लिहिलं. ती आयुष्यभर कुमारी राहिली, असंही तो मानायचा. आजचे बहुतेक प्रॉटेस्टंट तसं मानत नाहीत. बायबलमधल्या मार्क 6:3 मधले याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन हे येशूचे सख्खे धाकटे भाऊ, असं ते म्हणतात. आम्ही प्राचीन धर्मपंडित संत जेरोमच्या मागे जाऊन त्यांना जवळचे नातलग समजतो. या एका मुद्द्यावरून घरात वाद घालू नये, असं मला वाटतं.

आता वडिलांचं म्हणणं. आराधना फक्त देवाची, हीच कॅथलिक शिकवण आहे. मरियेकडे आम्ही मागतो ते एवढंच, की आमच्यासाठी विनंती कर. शेजारणीला आपण ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणतो, तसंच. प्रॉटेस्टंटांची हरकत इथे येते : शेजारीण जिवंत आहे. स्वर्गवासी झालेल्यांना हाक मारावी, असं शास्त्रात कुठे आहे? आणि 1 तीमथ्य 2:5 तर देव आणि माणूस यांच्यामध्ये एकच मध्यस्थ सांगतं. आमचं उत्तर असं, की ख्रिस्तात एक झालेल्यांना मरणही वेगळं करत नाही. दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत.

तरी वडिलांची भीती मी झटकून टाकणार नाही. येशू जणू कठोर न्यायाधीश आणि त्याची समजूत काढणारी फक्त आई, अशा सुरातली भक्ती माझ्या कानावर आली आहे आणि ती मला बोचते. ज्यानं लहान मुलांना जवळ घेतलं, त्याच्यापर्यंत पोचायला वशिला कशाला? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 मध्ये मरियेविषयीच्या अतिशयोक्तीपासून सावध केलं होतं. नोव्हेंबर 2025 मध्ये व्हॅटिकननं तिला ‘सह-तारणकर्ती’ म्हणणं योग्य नाही, असं लिहूनच दिलं. ते वडिलांना जरूर सांगा.

खरी गाठ आहे ती 1854 आणि 1950 या दोन सालांत. 8 डिसेंबर 1854 ला पोप नववे पायस यांनी जाहीर केलं, की मरिया तिच्या आईच्या उदरात आली तेव्हापासूनच मूळ पापापासून, म्हणजे आदामापासून सगळ्या माणसांकडे आलेल्या पापापासून, मुक्त होती. पुष्कळ कॅथलिकसुद्धा याची येशूच्या कुमारीजन्माशी गल्लत करतात. हा सिद्धान्त मरियेच्या स्वतःच्या गर्भसंभवाविषयी आहे. मध्ययुगातले थोर कॅथलिक धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनाही तो पटला नव्हता. ती पापमुक्त असेल तर तिला ख्रिस्ताच्या तारणाची गरजच काय, ही अडचण होती. त्यावर नंतरचे धर्मपंडित डन्स स्कोटस यांनी तोड काढली, की तिचंही तारण ख्रिस्तानंच केलं, फक्त पापात पडण्याआधी तिला राखून. प्रॉटेस्टंट मात्र लूक 1:47 दाखवतात, जिथे ती स्वतःच देवाला ‘माझा तारणारा’ म्हणते. मग 1 नोव्हेंबर 1950 ला बारावे पायस यांनी तिला देहासह स्वर्गात घेतलं गेल्याचं जाहीर केलं. त्याआधी तिला मरण आलं का, हे त्यांनी मोकळंच ठेवलं.

मी दोन्ही मनापासून मानते. पण शास्त्रातलं थेट वचन दाखव म्हणाल, तर माझ्याकडे नाही. आमचा आधार ख्रिस्तसभेची शतकानुशतकांची परंपरा आणि उपासना हा आहे. वडिलांना खुपतं ते हेच : जे शास्त्रात लिहिलेलं नाही, ते विश्वासाची अट म्हणून बांधायचा अधिकार पोपना कुणी दिला? म्हणजे भांडण मरियेवरून दिसतं, पण मूळ आहे अधिकाराचं. तिथे मी तुमची समजूत घालायला जाणार नाही. सदसद्विवेक तुमचा आहे.

आता बसायचं की नाही? रोझरीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचा पूर्वार्ध लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे : देवदूताचं अभिवादन आणि मरियेची नातलग अलीशिबा हिचा आशीर्वाद. तो शास्त्रच म्हणून तुम्ही बिनधास्त म्हणा. ‘आम्हा पाप्यांसाठी विनंती कर’ हा उत्तरार्ध नंतर जोडलेला आहे. तिथे मन धजत नसेल तर गप्प राहा. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ तर दोघींचंही आहे. सुरुवात मंगळवारी किंवा शुक्रवारी करा. त्या दिवशी दुःखाची रहस्यं, म्हणजे प्रार्थनेत मनन करायचे प्रसंग, असतात : गेथशेमाने, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणं, क्रुसावरचं मरण. पाचही शुभवर्तमानातली. बुधवारी आणि रविवारी गौरवाची असतात. त्यांतली शेवटची दोन, मरियेचं स्वर्गात घेतलं जाणं आणि तिचा राज्याभिषेक, तुम्हाला जड जातील.

आणि मध्येच गप्प का होता, हे सासूबाईंना पहिल्याच दिवशी, माळ हातात घेण्याआधी सांगा. नाहीतर त्या तो अपमान समजतील.