मणक्याच्या ऑपरेशननंतरही पाय दुखतो, पुन्हा एमआरआय करावा का?

प्रश्न : कमरेची गादी सरकल्यामुळे चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झाले. दोन महिने बरे वाटले, आता डाव्या पायात पुन्हा कळा येतात. डॉक्टरांनी ‘कॉन्ट्रास्टसह’ एमआरआय सांगितला आहे. साधा चालणार नाही का?

उत्तर : साध्या एमआरआयमध्ये नेमका घोळ होतो. ऑपरेशनच्या जागी जखम भरताना तयार झालेला व्रणाचा ऊतक आणि पुन्हा बाहेर आलेला गादीचा तुकडा, दोन्ही नसेभोवती सारखेच दिसू शकतात. व्रणात रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे गॅडोलिनियमचे (म्हणजेच ‘कॉन्ट्रास्ट’ औषधाचे) इंजेक्शन दिल्यावर तो लगेच उजळतो. गादीचा तुकडा आतून काळाच राहतो, फार तर कडा उजळते. म्हणून इंजेक्शननंतरची चित्रे लगेच घ्यावी लागतात. उशीर झाला तर औषध तुकड्यातही झिरपते आणि फरक पुसला जातो.

हा फरक महत्त्वाचा, कारण तुकडा नस दाबत असेल तर पुन्हा ऑपरेशनचा विचार होतो. नुसत्या व्रणासाठी सहसा होत नाही.

जुने एमआरआय (फक्त रिपोर्ट नव्हे, सीडीसुद्धा) आणि ऑपरेशनची नोंद सोबत न्या. मूत्रपिंडाचा आजार, पेसमेकर, गर्भारपण असेल तर आधीच सांगा. मणक्यात स्क्रू बसवले असतील तर त्यांच्याभोवती चित्र विस्कटते, तेही कळवा.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतली चित्रे मात्र फसवी असतात. सूज आणि रक्त तुकड्यासारखे दिसते. पण ताप, वाढती पाठदुखी, लघवी अडणे, गुदद्वाराभोवती बधिरपणा किंवा पाय लुळा पडणे यांपैकी काही झाले तर थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.