रिकाम्या फेरीचे पैसे कोणी द्यायचे?

प्रश्न : घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचा माझा छोटा व्यवसाय आहे. आतापर्यंत घरी जाऊन पाहणी मी मोफत करत आलो आणि दुरुस्ती झाली तरच पैसे घेतले. गेल्या महिन्यात ८० ठिकाणी गेलो, त्यांपैकी ४८ ठिकाणीच काम मिळाले. एका फेरीत जाऊन-येऊन सरासरी ७० मिनिटे मोडतात. एका दुरुस्तीत सुट्या भागांची किंमत वजा जाता जे उरते, ते साधारण एका फेरीच्या खर्चाच्या चौपट असते. फेरीच्या खर्चाइतके भेट शुल्क लावावे असे वाटते, पण गिऱ्हाईक नाराज होईल ही भीती आहे. काय करावे?

उत्तर : आपण आकडे लिहून ठेवलेत म्हणून उत्तर देणे सोपे झाले. आपल्या ३२ रिकाम्या फेऱ्यांचे ३७ तासांहून अधिक होतात, म्हणजे आठ तासांचे जवळजवळ पाच दिवस आपण दर महिन्याला बिनपगारी राबता. हा खर्च सध्याही कोणीतरी भरतोच आहे. ज्या ४८ जणांनी काम दिले त्यांच्या मजुरीतून तो वसूल होतो आणि त्यांना ते ठाऊकही नसते.

फेरीचा खर्च १ धरला तर आजचा हिशेब असा : ४८ दुरुस्त्यांचे १९२, त्यातून ८० फेऱ्यांचे ८० वजा, हाती ११२. आता शुल्क लावले, दुरुस्ती झाल्यास ते बिलातून वळते केले आणि फोनवर शुल्क ऐकूनच १६ जणांनी बोलावणे रद्द केले, असे समजू. त्यांतले ४ जण खरोखर काम देणारे होते असे मानले तर ४४ दुरुस्त्यांचे १७६, काम न मिळालेल्या २० फेऱ्यांचे शुल्क २० आणि ६४ फेऱ्यांचा खर्च वजा जाता हाती १३२ राहतात. रद्द झालेल्या १६ जणांपैकी १० जण काम देणारे निघाले तरी हाती ११४ राहतात. अकरावा गेला की मात्र आपण आजच्यापेक्षा खाली येता. अर्थात, येथे वाचलेला वेळ दुसऱ्या कामात लागला असे गृहीत आहे. फेरीच्या खर्चात निम्मा भाग वेळेचा असेल आणि तो वेळ नुसताच बसून गेला, तर ही सीमा १० वरून ८ वर येते. तरीही शुल्क लावण्याच्या बाजूनेच पारडे झुकते, आणि म्हणून माझे मत शुल्क लावावे असेच आहे.

शुल्क बिलातून वळते करावे की वेगळे घ्यावे, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण नाराजीचे मूळ तेथेच आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये मांडले होते की दोन छोटे फटके वेगवेगळे बसण्यापेक्षा त्यांच्या बेरजेइतका एकच फटका माणसाला कमी लागतो. पाहणीचे वेगळे आणि मजुरीचे वेगळे मागितले की तेच बिल जड वाटू लागते. म्हणून शुल्क वळते करा, पण ते भरून काढण्यासाठी मजुरी गुपचूप वाढवू नका. हिशेब जुळावा म्हणून मजुरी वाढवणे भागच असेल, तर दरपत्रकात उघडपणे वाढवा.

रात्रीच्या किंवा सुटीच्या दिवशीच्या जादा शुल्काबाबत अधिक जपून वागावे लागेल. थेलर यांनी मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि अर्थशास्त्रज्ञ जॅक नेच यांच्यासह १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकमताच्या पाहणीत, हिमवादळाच्या दुसऱ्या सकाळी दुकानदाराने बर्फ उपसण्याच्या फावड्याची किंमत एक तृतीयांशाने वाढवणे ८२ टक्के लोकांना अन्याय्य वाटले होते; स्वतःचा खर्च वाढला म्हणून किंमत वाढवणे मात्र लोक समजून घेतात, असेही त्यात दिसले. फ्रिज बंद पडून आतले पाणी फरशीवर आलेले असताना दारात उभे राहून जादा दर सांगणे म्हणजे त्या फावड्याचाच प्रकार होय. जो काही दर असेल तो पत्ता विचारण्यापूर्वी, फोनवर सांगून टाका.

शुल्काच्या बदल्यात गिऱ्हाइकाच्या हाती काय पडते, हेही ठरवावे लागेल. एकदा माझ्या घरचे वॉशिंग मशिन पाणी सोडेनासे झाले. मोफत पाहणीला आलेल्या एका कारागिराने पाच मिनिटांत पंप बदलावा लागेल असे सांगितले. दुसऱ्याने भेट शुल्क आधीच सांगितले होते. त्याने खालचे झाकण उघडले, जाळीत अडकलेले सदऱ्याचे बटण काढून माझ्या तळहातावर ठेवले आणि शुल्काखेरीज काही न घेता तो निघून गेला. पहिला माणूस लबाडच होता असे मी म्हणणार नाही, परंतु भाग बदलला तरच ज्याच्या पदरी काही पडते त्याच्याकडून बटण शोधण्याची अपेक्षा धरणे अवघड असते. तेव्हा बिघाड काय आहे, अंदाजे खर्च किती आणि उपकरणाचे वय पाहता तो करावा की नाही, हे तीन ओळींत लिहून द्या. बारा-पंधरा वर्षे वापरलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला असेल तर ‘यावर पैसे घालू नका’ हा सल्लाही पैसे देण्याजोगाच आहे.

निघण्यापूर्वी फोनवर दोन-तीन प्रश्न विचारत चला : प्लगमध्ये वीज येते का, नळ पूर्ण उघडा आहे का, जाळी शेवटची कधी साफ केली. काही फेऱ्या तेथेच वाचतील. त्याच बिघाडासाठी महिन्याभरात पुन्हा जावे लागले, तर दुसरे शुल्क घेऊ नये.

आरंभ मागणी जोरात असताना करा आणि दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय करू नका, कारण पहिल्या महिन्यात फोन कमी येतील. वहीत एक रकाना वाढवा : शुल्क ऐकून कोणी नकार दिला आणि त्याचा बिघाड कामाचा वाटत होता का. दर १६ नकारांमागे कामाचे ८ पेक्षा जास्त दिसू लागले आणि मोकळा वेळही भरत नसेल, तर शुल्क निम्मे करून आणखी एक महिना पाहा.