बाल्कनी डावीकडची की उजवीकडची?

वाचकांचे प्रश्न : क्रूझवरची खोली, ऊन आणि सावली

प्रश्न : मे महिन्यात सिंगापूर–पेनांग–फुकेत–सिंगापूर अशी चार रात्रींची क्रूझ ठरवतो आहोत. बरोबर ७४ वर्षांच्या सासूबाई आहेत. ऊन सोसत नाही, पण बाल्कनीत बसून समुद्र बघायची त्यांना फार हौस. एजंट म्हणतो, ‘जहाज सारखं वळतं, बाजूने काही फरक पडत नाही.’ खरं का? (नाशिक)

अर्धं खरं आहे. बंदरात जहाज कुठल्या अंगाने धक्क्याला लागेल हे आधी सांगता येत नाही, आणि रात्रीच्या प्रवासात बाजूचा प्रश्नच नाही. पण ज्या दिवशी जहाज सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच दिशेने चालतं, त्या दिवशी फरक पडतो आणि चांगलाच पडतो. म्हणून सगळी सहल डोक्यात घेऊ नका. वेळापत्रकात पूर्ण समुद्रातला दिवस कोणता ते शोधा आणि खोली त्या दिवसासाठी निवडा.

तुमच्या सहलीत हा दिवस बहुधा फुकेतहून परतताना येईल, तरी तिकिटावर खात्री करा. हा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो आणि ती वायव्य–आग्नेय अशी तिरकी आहे. परतताना जहाजाचं तोंड आग्नेयेला, म्हणजे डावी बाजू ईशान्येला आणि उजवी नैर्ऋत्येला. (डावी-उजवी नेहमी जहाजाच्या तोंडाकडे बघत उभं राहून ठरवायची. डावी म्हणजे पोर्ट, उजवी म्हणजे स्टारबोर्ड.) दुपार कलल्यावरचं तापदायक ऊन उजव्या बाजूला मिळणार आणि सूर्य बुडेपर्यंत हटणार नाही. सासूबाईंसाठी डावी बाजू घ्या.

डाव्या बाजूला सकाळचं ऊन येईल, पण मे महिन्यात तिथे एक गंमत असते. ही जागा विषुववृत्ताच्या जेमतेम ३-४ अंश उत्तरेला, आणि मेमध्ये सूर्य त्याहूनही उत्तरेला गेलेला. त्यामुळे भरदुपारी तो उत्तरेकडे असतो आणि डाव्या बाजूवरून हटायला २ वाजून जातात. नुसता नकाशा बघणारा इथे म्हणेल की डावी बाजू नको. पण तोपर्यंत सूर्य इतका वर चढलेला असतो की वरच्या मजल्याची बाल्कनीच छप्पर होते. समजा बाल्कनी दीड मीटर खोल आहे आणि तिचं छत सव्वादोन मीटरवर आहे. सिंगापूरच्या घड्याळाप्रमाणे ११ वाजता ऊन थेट दारापर्यंत येईल. १२ वाजता ते कठड्यापासून तीन फुटांवर थांबेल आणि १ वाजता दीड फुटावर. खुर्ची दाराला चिकटवून ठेवली की साडेअकरा-बारानंतर त्यांच्या अंगावर ऊन नाही, फार तर पायावर. २ नंतर सगळी बाल्कनी सावलीत. सकाळी ९ ते ११ मात्र त्यांना आतच बसवा.

तिथलं घड्याळ सूर्याच्या तासभर पुढे असतं, हे ध्यानात असू द्या. आपल्याकडे मुंबईत सूर्य माथ्यावर येतो साधारण साडेबारा-पाऊणला, तिकडे १ वाजून गेल्यावर. ‘बारा वाजले, आता ऊन उतरेल’ हा घरचा हिशेब तिथे चुकतो.

हीच सहल डिसेंबरात केलीत, तर सूर्य दक्षिणेला असल्याने डावी बाजू ११ वाजताच सावलीत जाते. बाजू तीच, मार्ग तोच, पण सावली तीन तास आधी. म्हणून दिवाळी-नाताळात जाऊन आलेल्या शेजाऱ्यांचा सल्ला मेमध्ये जसाच्या तसा लागू पडत नाही.

निघण्याच्या संध्याकाळी जहाज वायव्येला तोंड करून चालतं. त्या वेळी सूर्य डावीकडे येईल आणि तिकडे सूर्यास्त होतो ७ च्या सुमाराला. पण सूर्यास्तापर्यंतचा तो वेळ सुरक्षेच्या सूचना, सामान लावणं आणि जेवण यांत जातो.

आता डेक, म्हणजे जहाजाचा मजला. बाजूइतकाच तो महत्त्वाचा, आणि लोक नेमके इथेच फसतात. आपल्या डोक्यावर काय आहे ते बघा. वर तशीच दुसरी बाल्कनी असेल तर वरचा हिशेब लागू. बाल्कन्यांचा सर्वांत वरचा मजला पोहण्याच्या तलावाच्या डेकखाली येत असेल, तर बऱ्याच जहाजांवर तो डेक बाहेर आलेला असतो आणि सावली आणखी मिळते. पण सकाळी साडेसहाला वर खुर्च्या ओढल्याचा आवाजही मिळतो. काही जहाजांचे खालचे मजले वरच्यांपेक्षा बाहेर असतात. तिथल्या बाल्कन्या मोठ्या दिसतात, दरही जास्त असतो, पण अर्धी बाल्कनी आभाळाखाली उघडी. जहाजाच्या मागच्या टोकाच्या बाल्कन्या पायऱ्यांसारख्या उतरत येतात, त्यांची तीच गत. शिवाय वारा समोरून असला तर धुराड्याची काजळी खुर्चीवर बसते. सासूबाईंसाठी या दोन्ही नकोत. मधल्या भागातली साधी, झाकलेली बाल्कनी घ्या. जहाजाचं डोलणंही तिथे कमी जाणवतं.

कठडा काचेचा की लोखंडी पत्र्याचा, हेही विचारा. काचेतून बसल्या जागी समुद्र दिसतो, पण कलतं ऊनही आत येतं. पत्रा ते अडवतो, मात्र बसल्यावर पाणी दिसत नाही. वयस्कर माणसाला सारखं उठायला लावण्यापेक्षा काच बरी, अंगावर एक पातळ ओढणी.

आणि हो, ‘गॅरंटी केबिन’ नावाचा स्वस्त पर्याय घेऊ नका. त्यात खोली कंपनी देईल ती. मग डावं-उजवं सगळंच गेलं.

प्रश्न : डेक प्लॅनवर डावी बाजू कोणती, ते कसं ओळखायचं? सम नंबर डावीकडे असतात असं ऐकलं. (सांगली)

काही कंपन्यांत असतात, काहींत उलट. नंबरावर विसंबू नका. प्लॅनमध्ये जहाजाचं निमुळतं टोक, म्हणजे नाळ, शोधा. ते वर असेल तर कागदाची डावी तीच जहाजाची डावी. नाळ कागदाच्या उजव्या अंगाला असेल तर वरची रांग डावी. नाळ डावीकडे छापलेली असेल तर खालची रांग डावी. घाईत बुकिंग करणारे इथे गडबडतात. सोपा उपाय : कागद फिरवून नाळ वर आणा आणि मग बघा.

प्रश्न : मुंबई–गोवा जहाजावर बाल्कनीतून सूर्यास्त बघायचा आहे. (पुणे)

जाताना उजवी, येताना डावी. जहाज किनाऱ्याने दक्षिणेला उतरतं, पश्चिम उजव्या हाताला. बॅलार्ड पिअरहून निघाल्यावर सुरुवातीला सूर्य कुलाब्याच्या इमारतींमागे असतो. कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्जचं दीपगृह मागे पडलं की समोर मोकळा समुद्र. निघायला उशीर झाला तर ही संधी हुकते, म्हणून सुटण्याची वेळ सूर्यास्ताच्या निदान दीड तास आधीची आहे ना, ते पाहा. जाताना डावीकडच्यांना अलिबागकडचा किनारा आणि अंधार पडल्यावर दिवे.

एक मात्र आहे. या मार्गावर धावलेलं ‘एम्प्रेस’ १९९० सालचं. त्या काळच्या जहाजांवर बाल्कनी ही चैन होती आणि तशा खोल्या मोजक्याच. बाजू निवडायची तर लवकर बुक करावं लागतं. नाही मिळाली तर साधी खिडकीची खोली घ्या आणि संध्याकाळी वरच्या डेकवर जा. सूर्यास्त दहा मिनिटांचा, त्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही.

प्रश्न : ‘पॉश’ हा शब्द विलायत–मुंबई बोटीवरच्या सावलीच्या खोल्यांवरून आला, असं वाचलं. खरं का? (ठाणे)

गोष्ट अशी सांगतात : येताना ‘पोर्ट आउट’, घरी परतताना ‘स्टारबोर्ड होम’, या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं पी अँड ओ कंपनीच्या तिकिटावर छापलेली असत. असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही आणि कोशकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत.

सावलीचा हिशेब मात्र खोटा नाही. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर बोटी तांबड्या समुद्रातून येऊ लागल्या. तो समुद्र वायव्येकडून आग्नेयेकडे उतरतो. येताना दुपारचा सूर्य उजवीकडे आणि डावी बाजू सावलीत. एडनहून मुंबईकडे वळल्यावर बोटीचं तोंड पूर्व-ईशान्येला होतं, डावी बाजू उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला, म्हणजे पुन्हा डावीकडे सावली. वातानुकूलन नसलेल्या काळात दुपारभर तापलेली लोखंडी भिंत रात्री झोपू देत नसे. त्यामुळे सावलीची बाजू मागून घेणारे प्रवासी असणारच, त्याला तिकिटावर छाप्याची गरज नव्हती.

प्रश्न : बाल्कनीची खोली घेतली की एसी चालत नाही, अशी तक्रार ऐकली. (नागपूर)

बहुतेक वेळा दार नीट लागलेलं नसतं. बऱ्याच जहाजांवर बाल्कनीच्या दाराला चुंबकी स्विच असतो. दार उघडं राहिलं की त्या खोलीचा एसी बंद होतो. सरकतं दार असेल तर ते पूर्ण ओढून हँडल खाली दाबा, ‘खट्’ असा आवाज यायला हवा. मधे टॉवेलचं टोक अडकलेलं नाही ना, तेही बघा. दुपारी उन्हाच्या बाजूचा जाड पडदा बाहेर जाण्याआधीच ओढून ठेवा. दमट हवेत दार उघडं टाकलं तर आरसा आणि चष्मे धुकटतात. कॅमेरा गार खोलीतून एकदम बाहेर नेला तर भिंगावर दव धरतं; तो बंद पिशवीत घालून अर्धा तास बाल्कनीत ठेवा, मग उघडा. ओले कपडे कठड्यावर वाळत घालू नका. सहसा मनाई असते, आणि १८-२० नॉटच्या (ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास) वाऱ्यात गेलेला पंचा परत मिळत नाही. न्हाणीघरात शॉवरच्या वर ओढून काढायची दोरी बहुधा असते, ती वापरा.