चिवड्याला चावडी किती जवळची?

प्रश्न : ताई, मी दिवसा यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि रात्री बसून मोबाइलवरचा मराठी शब्दखेळ बनवतो. तीन अक्षरी शब्द ओळखायचा, संधी सहा. अक्षर जागच्या जागी आलं तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नाहीच तर राखाडी. मित्रांना दिला, तर दोन डाव खेळून सोडून देतात. ‘अवघड आहे रे’ म्हणतात. शब्द तर मी सगळे घरातलेच घेतलेत. मग चुकतंय कुठं?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुम्ही पाठवलेला खेळ फोनवर घेऊन चार दिवस खेळले. पहिल्या दिवशी सुरुवातीलाच ‘चावडी’ टाकलं. मधला ‘व’ हिरवा झाला, ‘चा’ आणि ‘डी’ राखाडी. म्हणजे च गेला, ड गेला, असं धरून मी गवत, सवय, जवळ, नवरा, सावली असं सगळं करून बसले. सहा संधी संपल्या आणि उत्तर आलं ‘चिवडा’. फोन सोफ्यावर आपटला, खोटं कशाला सांगू! च होता की तिथं. ड पण होता. आणि तुमचा खेळ मला तोंडावर ‘नाही’ म्हणाला.

तुमचे मित्र ह्यालाच अवघड म्हणतायत. हरायला कुणाची हरकत नसते हो. पण आपल्या चुकीनं हरलो असं वाटलं पाहिजे.

तीन रंगांची ही पद्धत इंग्रजी ‘वर्डल’ची. जॉश वॉर्डल यांनी तो खेळ आपल्या जोडीदार पलक शहा यांच्यासाठी केला आणि २०२१ मध्ये सगळ्यांना खुला केला. तिथं अक्षरं २६. ‘ए’ आहे किंवा नाही, विषय संपला. आपल्याकडे एका ‘च’चीच बारा रूपं. ङ आणि ञ सोडले तरी ३२ व्यंजनं. गुणिले बारा म्हणजे ३८४, आणि जोडाक्षरं अजून मोजलेलीच नाहीत. त्यातलं नेमकं ‘चि’ लागेपर्यंत खेळणाऱ्याला काहीच कळू द्यायचं नाही, हा अन्याय आहे.

असाच एक मराठी शब्दखेळ मीही केलाय. त्यात मी चौथी खूण घातली. व्यंजन बरोबर पण मात्रा चुकली, तर चौकटीची कड हिरवी आणि पोट पांढरं. ‘चावडी’ टाकलं की दोन्ही बाजूंना हिरवी कड, मध्ये भरलेला हिरवा ‘व’. आता माणूस गालात हसतो आणि ओठांतल्या ओठांत म्हणायला लागतो : चिवडी, चेवडा, चिवडा! ही पुटपुट ऐकू आली की खेळ जमला असं समजा. व्यंजन दुसऱ्या जागचं आणि मात्राही वेगळी असेल तर पिवळी कड. ह्याच्यापुढं जाऊ नका. मी अनुस्वारालाही वेगळी खूण दिली होती, तर लोक खेळ सोडून खुणांचा तक्ताच वाचत बसले. कड आणि पोट असा फरक ठेवल्यानं ज्यांना रंगांत गोंधळ होतो त्यांनाही निम्मं काम सोपं होतं. हिरव्या-पिवळ्यासाठी मात्र पिवळ्यात एक ठिपका द्या.

चौकटीत काय बसवायचं हा प्रश्न आपल्या शब्दकोड्यांनी कधीच सोडवलाय. ‘लक्ष्मी’ला दोन घरं, बस. पण फोनला हे ठाऊक नसतं. ‘क्षि’ त्याच्या लेखी चार चिन्हं आहेत : क, हलन्त, ष, वेलांटी. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडनं, म्हणजे फोन-संगणकातल्या अक्षरांचे नियम ठरवणाऱ्या प्रमाणानं, २०२३ साली, १५.१ आवृत्तीत आणला, म्हणून जुन्या फोनवर भरवसा ठेवू नका. हलन्तानंतर व्यंजन आलं की ते आधीच्याला चिकटवायचं, एवढं स्वतःच लिहा.

इथंच माझी एकदा शोभा झाली. त्या दिवशीचा शब्द होता ‘पायऱ्या’. मिरजेहून सासूबाईंनी तोच टाकला आणि खेळ म्हणाला, ‘असा शब्द नाही.’ त्यांचा फोन आला, “अगं, मग मी साठ वर्षं काय चढत होते?” शोधायला रात्र गेली. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एक, नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ वापरून, दुसरी, साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा एक सांधा. डोळ्यांना दोन्ही सारखेच, फोनला निराळे. माझ्या यादीत पहिला, त्यांच्या कळफलकात दुसरा. तुलना करण्याआधी दोन्ही बाजू एकाच साच्यात ओतून घ्या. ‘ॲ’चंही तसंच.

म्हणून फोनच्या कळफलकावर विसंबू नका, आपला द्या. तुम्ही दिलाय, पण एका ओळीत बारा कळा! साध्या अँड्रॉइड फोनची रुंदी साधारण ३६० एककं धरतात, आणि बोटाला कळ निदान ४८ एककांची हवी असं अँड्रॉइडचंच सांगणं आहे. म्हणजे ओळीत सातच. मी वर्ग उभे लावले. क, च, ट, त, प हे पाच रकाने, मग य र ल व श, शेवटी ष स ह ळ. सात रकाने, पाच ओळी. ङ, ञ गाळल्यामुळं दोन घरं मोकळी राहतात, ‘ळ’खाली तिसरं, तिथं ‘जोड’, ‘पुसा’ आणि स्वरांसाठी ‘अ’. व्यंजन दाबलं की वर त्याची बाराखडी उघडते. पाटीवर शिकलेल्यांचं बोट आपोआप जागेवर जातं. कळ दाबून धरायला लावू नका, ज्येष्ठ मंडळींना ते सुचत नाही.

‘विहीर’ला कुणी ‘विहिर’ लिहिलं तर संधी कापू नका, ‘वेलांटी बघा’ म्हणा. आपण शुद्धलेखनाचा पेपर काढलेला नाही. आणि शब्दांची यादी दुसऱ्या कुणाकडून तरी चाळून घ्या. वर्डलचे पाच अक्षरी सुमारे १२,००० शब्द पलक शहांनी चाळून २,५०० च्या आसपास आणले होते. ‘पाण्यात’, ‘घराला’ असली रूपं अंदाज म्हणून चालू द्या, उत्तर म्हणून कधीच नको.

प्रश्न : रोज एकच शब्द द्यावा की हवे तितके?
– तेच वाचक

उत्तर : एकच. आमच्या भिशीत बायका चहा गाळता गाळता ‘आजचा किती जणींना आला?’ विचारतात, ते सगळ्यांचा शब्द एक असतो म्हणून. फक्त एक दिवस हुकला की सलग दिवसांचा आकडा शून्यावर आणू नका. लग्नकार्य असतं, आजारपण असतं. आठवड्यात एक सुट्टी माफ करा.

आणि शब्द यादीत नसला की तुमच्या खेळात येते ती ‘इन्व्हॅलिड’ची लाल पाटी आजच काढा.