अ‍ॅस्परॅगसची ती बोडकी काठी कापू नका

प्रश्न : ताई नमस्कार, मी ठाण्यात सहाव्या मजल्यावर राहते, बाल्कनी पश्चिमेला आहे. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंनी त्यांच्या कुंडीतून अ‍ॅस्परॅगसचा तुकडा काढून दिला, बुकेत गुलाबाच्या मागे लावतात ना ते पिसासारखं, तेच. पहिलं वर्ष मस्त गेलं, आता पिवळं पडतंय, खाली रोज बारीक सुयांचा सडा. आणि मधूनच एक लांबच लांब काठी निघते, तिला पान नाही काही नाही, मग मी ती फुकटची फांदी समजून कापते. तीनदा कापली. वेल म्हणून दिलं होतं त्यांनी, मग वर का चढत नाही?

उत्तर : आधी ती कात्री लांब ठेवा, कारण तुम्ही जी कापताय तीच वेल आहे! हे झाड लहान असताना बुटकं झुडूप असतं, मुळं नीट बसली की मग बुडातून एक जाड कोंब काढतं आणि तो कोंब आधी नुसता उंच होत जातो, हिरवी पिसं नंतर फुटतात. तेवढा धीर आपल्याला निघत नाही. शेंडा एकदा कापला की ती काठी पुढे वाढत नाही, झाडाला परत बुडापासून नवी काढावी लागते, म्हणजे तीन वेळा केलेली सगळी मेहनत वाया गेली बिचाऱ्याची.

आता पुढची काठी आली की शेजारी सुतळी बांधा, ग्रिलपर्यंत ताणून. माझ्या खिडकीत मागच्या पावसाळ्यात अशीच एक निघाली, मी फक्त सुतळीला टेकवून दिली, शेंड्यानं स्वतःच वेढे घातले आणि ग्रिलच्या वरच्या दांडीला पोचल्यावर मग कडेनं एकेक पीस उलगडलं, आडवं, सपाट, जाळीदार. हात लावताना मात्र जपून, काठीवर बारीक खाली वळलेले काटे असतात, वर हात नेताना कळत नाहीत, खाली ओढताना बोटाला अडकतात. खरी पानं म्हणजे तेच काटे आणि खवले बरं का, आपण ज्याला पानं म्हणतो त्या सुया म्हणजे बारीक फांद्याच असतात. आणि नर्सरीत फर्न म्हणून विकतात तरी हे फर्न नाही, याला बारीक पांढरी फुलं आणि फळं येतात.

पिवळं पडण्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे, पश्चिमेचं ऊन. हे झाड मूळचं आफ्रिकेतलं, तिथे मोठ्या झाडांच्या सावलीत त्यांच्याच आधारानं चढतं. सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारनंतरचं नको. कुंडी आत भिंतीकडे सरकवा नाहीतर हिरवी नेट लावा. पाणी घालायच्या आधी बोट मातीत दोन पेरं घालून बघा, वरचा थर कोरडा लागला तरच भरपूर घाला, खालच्या ताटलीत साठलं तर ओतून टाका. माती पूर्ण सुकली तरी सुया गळतात आणि सतत चिखल राहिला तर मुळं कुजतात. दोन वर्षं त्याच कुंडीत आहे ना, मग मुळांनी कुंडी गच्च भरली असेल, जूनमध्ये एक साइझ मोठी घ्या, माती, शेणखत आणि थोडं कोकोपीट. सुयांमध्ये बारीक जाळी दिसली तर लाल कोळी आहे, पाण्याचा जोरात फवारा मारा, नाहीच गेला तर कडुनिंबाचं तेल.

पूर्ण पिवळ्या झालेल्या फांद्या परत हिरव्या होत नाहीत, त्या बुडापासून खुशाल कापा. हिरवी बोडकी काठी मात्र नाही!

प्रश्न : आमच्याकडे साताऱ्याला याला शतावरी म्हणतात. मुळं काढून दुधातून घेतली तर चालतील का?

उत्तर : अजिबात नको. दोन्ही एकाच कुळातल्या पण वनस्पती वेगळ्या. औषधी शतावरीच्या बुडाशी बोटांसारख्या पांढरट मुळ्यांचा झुपकाच असतो, सुया सगळ्या दिशांना फुटतात, सपाट नसतात, फुलांना मंद वास येतो आणि फळं पिकली की लाल होतात. शोभेच्या अ‍ॅस्परॅगसचं पीस सपाट आणि फळं काळपट जांभळी. ही फळं खायची नाहीत, घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर फळं धरली की लगेच तोडून टाका. आणि खऱ्या शतावरीचंसुद्धा मूळ घ्यायचं असेल तर वैद्यांना विचारूनच.

प्रश्न : बुकेतली फांदी पाण्यात ठेवलीये, मुळं कधी फुटतील?

उत्तर : नाही फुटणार हो, कितीही दिवस ठेवलीत तरी. पाणी बदलत राहिलात तर फुलदाणीत हिरवी मात्र बरेच दिवस राहील, तेवढा आनंद घ्या. रोप हवं असेल तर ओळखीत कुणाकडे मोठी कुंडी असेल त्यांच्याकडून पावसाळ्याच्या सुरुवातीला गड्डा मागून घ्या, धारदार सुरीनं असा कापायचा की प्रत्येक तुकड्याला मुळं आणि निदान दोन-तीन कोंब राहतील, आणि पहिले काही दिवस सावलीतच ठेवा. बी मिळालं तर एक दिवस पाण्यात भिजवून पेरा, उगवायला महिनाभर लागू शकतो तेव्हा आठवड्यात माती उकरून बघू नका.