मृत्युंजय, ययाति, छावा वाचून झाल्यावर पुढे काय वाचावं?

तुमचा प्रश्न असा आहे : ‘मृत्युंजय, ययाति आणि छावा वाचून झाली, तिन्ही आवडली. आता मराठीत पुढे काय वाचू? नुसती यादी नको, तुम्हाला मनापासून काय वाटतं ते सांगा.’

मनापासूनच सांगते. मराठीतले बरेच वाचक याच पुस्तकांपासून सुरुवात करतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मृत्युंजय 1967 सालचं, पण आजही कॉलेजातल्या मुलांच्या हातात दिसतं. 2025 मध्ये सिनेमा आला तेव्हा आमच्या वाचनालयात छावासाठी नाव नोंदवून थांबावं लागत होतं. इतक्या लोकांना वाचनाची गोडी लावणाऱ्या पुस्तकांबद्दल मला आदर आहे. तरी माझं मत विचाराल तर तिथं फार काळ मुक्काम करू नका.

मृत्युंजयची रचना मोठी धाडसी आहे. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण आपापल्या तोंडून कहाणी सांगतात. पण सूताच्या घरात वाढलेला शोण आणि द्वारकेचा कृष्ण बोलतात मात्र एकाच भाषेत. प्रत्येकाचं वाक्य तसंच अलंकारांनी लगडलेलं. मधलंच एखादं पान नाव न बघता वाचा, कोण बोलतंय हे चटकन सांगता येणार नाही. ययातीत माणसं बोलता बोलता थांबतात आणि जीवनावर भाष्य करायला लागतात. तिचे लेखक वि. स. खांडेकर यांना 1974 चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं, त्याचा अभिमान आहेच. पण त्या कादंबरीतली सुभाषितं वहीत उतरवून घ्यावीशी वाटतात आणि त्या घरात रोजचा दिवस कसा जात असेल, ते मात्र कळत नाही. माझी भूक नेमकी त्याचीच आहे. वाचनालयात नवं पुस्तक हातात घेतलं की मी ते मधेच कुठंतरी उघडते आणि बघते, या पानावर कुणी काही काम करतंय का? पाणी भरतंय, हिशेब करतंय, मेंढरं मोजतंय, भांडतंय? तसं काही दिसलं की पुस्तक घरी येतं.

तुम्हाला इतिहासाची ओढ आहे, म्हणून पहिलं पुस्तक सुचवते ते विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. गोडसे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर आलं म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. साल 1857. महूच्या आसपास शिपायांकडून कळलं की गडबड होणार आहे, आणि तिथून पुढे हा गरीब माणूस थेट बंडाच्या मधोमध सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहराच्या आत होता.

झाशीची लूट त्यांनी लिहिली आहे ती वाचताना अंगावर काटा येतो, आणि त्यात एकही मोठा शब्द नाही. लूट टप्प्याटप्प्यानं झाली. आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता, धान्य. त्या यादीतूनच शहर कसं रिकामं होत गेलं ते कळतं. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटते. धुळीनं माखलेली, तहानलेली, पठाणी वेशात. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढून घेते. आणि मातीच्या मडक्यातलं पाणी ओंजळीनं पिते. राणी लक्ष्मीबाईंवर केवढं तरी लिहिलं गेलंय, पण त्यातलं काहीही वाचलं तरी माझ्या डोळ्यांपुढे ती विहीरच येते. तहान लागलेली, हरत आलेली, तरी रीतभात न सोडलेली बाई.

हे सगळं गोडशांनी बऱ्याच वर्षांनी, आठवेल तसं लिहिलं, त्यामुळे तारखा आणि तपशील यांसाठी त्यांच्यावर पूर्ण विसंबू नये. चिंतामण विनायक वैद्यांनी 1907 साली ते छापलं तेव्हा त्यात फेरफारही केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये आवृत्ती काढली. ती मिळाली तर तीच घ्या, त्यात भटजींची बोली जास्त सापडते.

दुसरं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. 1934 पासून भागाभागानं छापून आलेलं. मला कुणी एकच मराठी पुस्तक जवळ ठेव म्हणालं तर मी हे ठेवीन, बाकी सगळं देऊन टाकीन. नवरा कवी, तापट, घरात पैसा टिकू न देणारा, वरचेवर घर सोडून जाणारा. 1895 मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि या बाईचं जग एका दिवसात मोडलं. पुढची काही वर्षं दोघं वेगळी. नंतर ती त्यांच्याजवळ राहायला गेली तरी सोवळं सुटलं नव्हतं, पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. हळूहळू, स्वतःशी वाद घालत घालत, ती स्वतःच्या बुद्धीनं जातपात सोडते आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेते. नवऱ्यानं सांगितलं म्हणून घेत नाही, हे फार महत्त्वाचं आहे. सगळ्या पुस्तकात ती नवऱ्यावर जीव टाकते, त्याच्याशी कडाकडा भांडते आणि त्याच्यामागून फरपटत मात्र कधी जात नाही.

आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिला हे पुस्तक रोज दुपारी वाचून दाखवत होते. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड सुरुवातीलाच येतं. घरात येणारी चीजवस्तू धुऊन घ्यायची, शिवाशिव व्हायला नको म्हणून सगळ्या घराला कामाला लावायचं. मला त्यात विनोद दिसत होता. आई हसली, पण मग म्हणाली, ‘त्या घरातल्या बायकांचे हात बघ गं. दिवसभर पाण्यात.’ मी तोवर कितीदा तरी वाचलेलं पान, आणि त्यातले हात मला आईनं दाखवले. तेव्हापासून कुणी सोबतीला असेल तर पुस्तक मोठ्यानं वाचायची संधी मी सोडत नाही. दोन पिढ्यांच्या बायका एकाच ओळीत वेगवेगळं ऐकतात आणि दोन्ही खरं असतं. याच पुस्तकात बालकवी भेटतात. नगरला ते टिळकांच्या घरी राहिले होते. शाळेच्या पुस्तकातल्या कवितेखालचं नाव इथं रुसणारा, हट्ट करणारा घरचा मुलगा होऊन समोर येतं.

आता थोडं भरभर सांगते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) लहानशी आहे, दोन-तीन बैठकांत होते. औंध संस्थानातला एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. वाडीला शाळेची गरज फारशी वाटत नाही, मास्तराची मात्र वाटायला लागते. पत्र लिहून दे, पैसे सांभाळ, तंटा मिटव. कारभाऱ्याची मुलगी अंजी त्याला चोळी शिवून आणायला सांगते, तो साधेपणानं आणतो, आणि म्हातारा कारभारी त्याच्याशी बोलणंच टाकतो. एवढ्याशा चोळीत त्या वाडीची सगळी अब्रू माडगूळकरांनी आणून ठेवली आहे. पुढे दुष्काळ पडतो आणि माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात. माणदेशात दुष्काळात गाव सोडण्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात, लेखकानं वेगळं काही सांगायची गरज उरत नाही.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (1963) तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. माझं मत थोडं वेगळं आहे. तिच्या नायकाच्या, पांडुरंग सांगवीकरच्या, पुण्यातल्या हॉस्टेलच्या गमतीजमती पुष्कळांना पाठ असतात, मला त्या काही ठिकाणी लांबलेल्या वाटतात. पण मनीच्या, म्हणजे धाकट्या बहिणीच्या, मृत्यूची पानं मराठी गद्यात कुठंही ठेवा, वरच राहतील. त्यांच्यासाठी तरी वाचाच, आणि वय वीस-बाविशीचं असेल तर लवकर वाचा.

दया पवारांचं ‘बलुतं’ (1978) पुढे ढकलू नका. गावकुसाबाहेरचा महारवाडा आणि मुंबईतली कावाखाना नावाची वस्ती, दोन्ही ठिकाणी ते बालपण तुम्हाला हाताला धरून फिरवतं. इतरांवर जेवढं कडक बोट ठेवलंय तेवढंच स्वतःवरही. श्यामच्या आईवर वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला ‘मराठी बालपण’ म्हणजे आपण किती थोडं धरून बसलो होतो, ते इथं दिसलं. राजवाड्यातल्या कर्णाला जन्मावरून ऐकावं लागलेले टोमणे वाचून तुम्ही हळहळला असाल तर या पुस्तकापर्यंत तुम्ही यायलाच हवं. इथं ते टोमणे आपल्या ओळखीच्या गावांत, ओळखीच्या मराठीत बोलले गेलेत.

आणि उद्धव शेळक्यांची ‘धग’ (1960). गाजलेल्या यादीत हिचं नाव मागे पडतं याचं मला खरंच वाईट वाटतं. कौतिक नावाची वऱ्हाडातली बाई, नवरा आधी नाकर्ता, मग महारोगानं खंगलेला, पदरात पोरं. ती राबते, पुन्हा उभं राहायला बघते, पुन्हा कोसळते. लेखक एकदाही तिची कीव करत नाही, तिला देवी करत नाही, फक्त तिच्यामागून चालत राहतो. मोठ्या दुःखाला मोठे शब्द लागतातच असं नाही, हे मृत्युंजयच्या लगेच नंतर ‘धग’ वाचली तर जास्त ठळक जाणवेल, म्हणून क्रम तसाच ठेवायलाही हरकत नाही.

वऱ्हाडी संवाद सुरुवातीला जड जातील. विदर्भातलं कुणी ओळखीचं असेल तर पहिलं प्रकरण त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या, कानाला एकदा लय लागली की पुढे अडत नाही. ‘माझा प्रवास’ आणि ‘स्मृतिचित्रे’ यांचे कॉपीराइट संपलेले आहेत, त्यामुळे निरनिराळ्या आवृत्त्या स्वस्तात मिळतात. बाकीची जवळच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा. ‘धग’ कपाटात दिसली नाही तर ग्रंथपालांना मागणी लिहून द्या, मागणी आली की पुस्तक मागवलं जातं. आणि वाचून झाल्यावर कौतिकबद्दल तुम्हाला काय वाटलं ते इथं कळवा, मला त्यावर बोलायला आवडेल.