साक्षांकन नमुन्यात 'नाही' लिहून बसलोय, आणि जुनी केस आहे

लातूर जिल्ह्यातल्या एका 26 वर्षांच्या मुलाने विचारलंय. 2019 मध्ये बांधावरून चुलत्यांशी मारामारी झाली, चुलत्याचं मनगट मोडलं, फिर्यादीत वडील, दोन भाऊ आणि हा असे चौघं. भारतीय दंड संहितेची कलमं 325, 323, 504 सह 34 (325 म्हणजे गंभीर दुखापत). त्याच दिवशी अटक दाखवून जामीन. 2021 ला लोकअदालतीत तडजोड, केस संपली. आता जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक म्हणून निवड झालीय आणि साक्षांकन नमुना (नेमणुकीआधी पोलीस पडताळणीसाठी भरायचा फॉर्म) भरताना फॉर्म भरून देणारा सेंटरवाला म्हणला "तडजोड झाली म्हणजे केसच नाही, सगळीकडे नाही टाक". याने टाकलं. बरोबरच्या पोराला पडताळणीसाठी पोलीस स्टेशनचा फोन आला तेव्हा याची झोप उडाली, वर गावातला एकजण म्हणतोय वीस हजार दे, रिपोर्ट क्लीन करून देतो. गप्प बसू का, असं विचारतोय, आणि प्रायव्हेट नोकरीत या केसचं काय होईल हेही.

भाऊ, गप्प बसू नका. तुमची जुनी केस तुमची नोकरी घालवेल असं मला वाटत नाही, पण ते 'नाही' घालवू शकतं.

आधी केसचं बघू. 325 हे कोर्टाच्या परवानगीने तडजोड करता येणारं कलम आहे आणि जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 320 मध्ये उपकलम 8 आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की तडजोडीचा परिणाम म्हणजे निर्दोष मुक्तता. म्हणजे तुम्हाला शिक्षा झालेली नाही, दंड नाही, काही नाही. पण निर्दोष सुटलो म्हणजे केस झालीच नव्हती असा अर्थ होत नाही, सेंटरवाल्याची चूक तिथेच झाली. नमुन्यात प्रश्न वेगवेगळे असतात बघा, कधी अटक झाली होती का, खटला भरला होता का, शिक्षा झाली का, सध्या केस प्रलंबित आहे का. तुमचं खरं उत्तर पहिल्या दोनला होय आणि पुढच्या दोनला नाही असं आहे. आणि त्याच नमुन्यात सुरुवातीलाच सूचना छापलेली असते की खोटी माहिती दिली किंवा लपवली तर अपात्र. ती कोणी वाचत नाही, घाईत सह्या करतात.

यावर सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांचा 2016 चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल आहे, नोकरी आणि जुन्या केसचा विषय निघाला की प्रत्येक कोर्टात हाच पुढे येतो. त्यात म्हणलंय की माहिती खरीच द्यायची, पण लपवली म्हणून डोळे झाकून काढायचं असंही नाही, तरुण वयात घोषणा दिल्याची केस किंवा तसला किरकोळ गुन्हा असेल तर मालक ती लपवाछपवी माफ करू शकतो. नमुन्यात जे स्पष्ट विचारलंय तेवढंच सांगायचं बंधन आहे हेही त्यात आहे. तुमच्या नमुन्यात स्पष्ट विचारलं होतं, त्यामुळे ती पळवाट तुम्हाला नाही.

तुमच्या सगळ्यात जवळची केस म्हणजे दिल्ली पोलिसातली, 2011 चा निकाल. तिथेही 325 सह 34, तिथेही तडजोड होऊन सुटका, घटनेवेळी मुलगा साधारण 20 वर्षांचा. त्याने भरतीच्या अर्जात सांगितलं नव्हतं, नंतर साक्षांकन नमुन्यात स्वतःहून लिहिलं. खात्याने निवड रद्द केली, पण सुप्रीम कोर्ट त्याच्या बाजूने राहिलं, या वयात पोरांच्या हातून चुका होतात, आयुष्यभर गुन्हेगाराचा शिक्का मारू नये असं त्यात म्हणलंय. मला स्वतःला हे मनापासून पटतं, कारण आपल्याकडे बांधाच्या भांडणात घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं टाकायची पद्धतच आहे, कॉलेजातून सुट्टीला आलेला पोरगाही त्यात अडकतो.

पण खोटी आशा देत नाही. खरं सांगितलं तरी नेमणूक द्यायलाच पाहिजे असं 2016 चा निकाल म्हणत नाही, पूर्वचारित्र्य तपासायचा अधिकार मालकाकडे राहतोच. 2023 मध्ये मध्य प्रदेशच्या एका कॉन्स्टेबल उमेदवाराने सगळं खरं लिहिलं होतं, निर्दोष सुटलाही होता, तरी सुप्रीम कोर्टाने त्याला दिलेला नकार योग्य ठरवला. पण तिथे मुलीचा पाठलाग आणि पॉक्सोचा (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) आरोप होता आणि नोकरी पोलिसाची होती. तुमचं भांडण बांधाचं आणि काम टेबलावरचं, हा फरक मोठा आहे.

आता करायचं काय. पडताळणी रिपोर्ट जायच्या आत एक दुरुस्ती अर्ज द्या, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावाने, सामान्य प्रशासन विभागात. भाषा साधी ठेवा, "अमुक तारखेला सादर केलेल्या साक्षांकन नमुन्यात अमुक रकान्यात गैरसमजातून 'नाही' लिहिले गेले, खरी माहिती पुढीलप्रमाणे", मग गुन्हा नंबर, पोलीस स्टेशन, कलमं, कोर्टाचा केस नंबर, निकालाची तारीख. सेंटरवाल्यावर ढकलू नका, सही तुमची आहे. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, आणि एक प्रत स्पीड पोस्टाने पण पाठवा. पुढे कोणी लपवलं म्हणालं तर तो शिक्का आणि त्यावरची तारीख हाच तुमचा बचाव.

अर्जाला निकालाची सर्टिफाइड कॉपी लावा. ती हातात आल्यावर शेवटची ओळ वाचा. काही आदेशात "आरोपींना निर्दोष मुक्त करण्यात येते" असं असतं, काहीत नुसतं "तडजोड झाल्याने प्रकरण निकाली". दुसरं असेल तर घाबरू नका, अर्जात 320 उपकलम 8 चा उल्लेख करा आणि तडजोड पुरसिसची (दोन्ही बाजूंनी कोर्टात दिलेलं तडजोडीचं लेखी निवेदन) नक्कल पण जोडा.

मग तीच कॉपी घेऊन पोलीस स्टेशनला जा. पुष्कळदा कोर्टात केस संपून वर्षं होतात आणि तिथल्या रेकॉर्डला अजून "न्यायप्रविष्ट" दिसत असतं, एका मुलाची नेमणुकीची ऑर्डर यामुळे सहा महिने अडकलेली मी पाहिलीय. लेखी अर्ज देऊन नोंद अपडेट करायला सांगा. जो हवालदार चौकशीला येईल त्याच्याशी खरं बोला, 2024 च्या उत्तर प्रदेशातल्या एका कॉन्स्टेबल उमेदवाराच्या केसमध्ये त्याने प्रतिज्ञापत्रात केस लपवली होती तरी ठाण्याचा चांगल्या चारित्र्याचा रिपोर्ट सुप्रीम कोर्टाने बघितला आणि नेमणूक द्यायला सांगितली. चुलत्यांशी आता बोलणं असेल तर त्यांचा जबाब सोन्यासारखा आहे.

वीस हजारवाल्याला दारात उभं करू नका. 2018 पासून लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आज तुमच्यावर काही नाही आणि उद्या खरंच गुन्हा लागेल.

नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्या, तोंडी नको. नोटीस न देताच निवड रद्द केली किंवा उत्तर न वाचता केली तर झेडपीचा विषय असल्याने मॅटमध्ये (राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचं प्रशासकीय न्यायाधिकरण) नाही, हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करायची. तेव्हा वकील लागेल, आत्ता दुरुस्ती अर्जाला लागत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

प्रायव्हेटचं पण विचारलंय तुम्ही. तिथे जुनी केस आहे म्हणून नाकारू नका असं सांगणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही, तो असायला हवा असं माझं ठाम मत आहे. कंपन्यांची व्हेरिफिकेशनवाली माणसं ई-कोर्ट्सवर (कोर्टातल्या केसेसची सरकारी वेबसाइट) नावाने शोधतात, त्यामुळे फॉर्ममध्ये विचारलं तर खरं लिहून निकालाची कॉपी पुढे करायची, विचारलंच नसेल तर स्वतःहून सांगायची गरज नाही.

उद्या सकाळी तालुका कोर्टात नक्कल अर्ज टाका. केस नंबर आठवत नसेल तर वडिलांच्या कागदांच्या पिशवीत जुना समन्स असेल, त्यावर असतो.